वेस्टर्नची दोन घराणी

ग्वाल्हेर मोठे की किराणा, हा वाद मैफल संपल्यावरही रसिकांमध्ये पहाटेपर्यंत रंगतो. वेस्टर्न चित्रपटांच्या चाहत्यांमध्येही असाच एक वाद गेली साठ वर्षे धुमसतो आहे. जॉन फोर्ड श्रेष्ठ की सर्जिओ लिओने? जॉन वेन खरा की क्लिंट ईस्टवूड? अमेरिकेत बनलेला अभिजात वेस्टर्न अस्सल, की इटालियन मंडळींनी स्पेनच्या माळरानावर चित्रित केलेला आणि कुत्सितपणे 'स्पॅगेटी' म्हणून हिणवला गेलेला वेस्टर्न अधिक जिवंत? वरवर पाहता हा आवडीनिवडीचा मामला आहे. पण दोन्ही बाजूंचे दर्दी तावातावाने बोलू लागले की ध्यानात येते, भांडणाच्या मुळाशी एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. जिथे कायदा पोहोचलेला नाही, तिथे माणसाने वागावे कसे?

ज्या काळावर हे चित्रपट बेतलेले आहेत, तो काळ मुळात फार छोटा होता. अमेरिकेचे यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि १८९० मध्ये तिथल्या जनगणना खात्याने सीमावर्ती प्रदेश असा आता उरला नाही, असे जाहीर करून टाकले. मधली जेमतेम पंचवीस वर्षे म्हणजे पडद्यावरचा 'वाइल्ड वेस्ट'. टेक्सासची गुरे कॅन्सासच्या रेल्वेस्थानकांपर्यंत हाकत नेणारे काऊबॉय हे प्रत्यक्षात कमी पगारावर राबणारे मजूर होते. त्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मोठ्या संख्येने होते. पडद्याने त्यांना जवळजवळ पुसूनच टाकले. काटेरी तारेचे ग्लिडन यांचे पेटंट १८७४ चे. कुंपणे पडू लागली, लोहमार्ग पसरले आणि काऊबॉयचे युग आटोपले. टूमस्टोन गावातील 'ओके कोरल'ची जगप्रसिद्ध चकमक २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झाली आणि सुमारे तीस सेकंदांत संपली. त्या अर्ध्या मिनिटावर हॉलीवूडने किती तास खर्च केले, याचा हिशेबच नाही!

इतिहास संपायच्या आतच त्याची दंतकथा झाली होती. बफेलो बिलचा फिरता खेळ १८८३ पासून सुरू होता. एडविन पोर्टर यांचा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा बारा मिनिटांचा मूकपट १९०३ मध्ये आला आणि पडद्यावरच्या दरोडेखोराने थेट प्रेक्षकांवर पिस्तूल रोखले. पुढची तीन दशके वेस्टर्न म्हणजे स्वस्तातला देमारपट, अशीच समजूत होती. १९३९ मध्ये जॉन फोर्ड यांच्या 'स्टेजकोच'ने ती मोडली. युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीतले लाल सुळके, त्याखालून धावणारी एवढीशी घोडागाडी आणि तिच्यात कोंबलेला अख्खा समाज : दारुडा डॉक्टर, गावाने हाकललेली वेश्या, लबाड बँकवाला आणि बंदूक फिरवत वाटेत उभा राहिलेला तरुण जॉन वेन. माणूस लहान आणि भूमी अफाट, हे फोर्ड यांचे प्रमाण पुढे सगळ्या वेस्टर्नचे व्याकरण ठरले.

अभिजात वेस्टर्नचा गाभा साधा आहे. वस्ती वसते आहे, शाळा, चर्च, न्यायालय येऊ घातले आहे आणि त्यांच्या आड येणाऱ्या दांडगाईला कुणीतरी आवरायचे आहे. आवरणारा माणूसही बंदूकबाजच असतो. म्हणून काम झाल्यावर त्या वस्तीत त्याला जागा राहत नाही. जॉर्ज स्टीव्हन्स यांच्या 'शेन'मध्ये (१९५३) हे सूत्र सर्वांत निर्मळ स्वरूपात दिसते. गुरांच्या बड्या मालकाविरुद्ध छोट्या शेतकऱ्यांची बाजू घेऊन लढलेला शेन अखेरीस जखमी अवस्थेत डोंगराकडे निघून जातो आणि एक लहान मुलगा त्याला हाका मारत राहतो. घोड्यावरचा शेन त्या क्षणी जिवंत आहे की नाही, यावर चाहत्यांचे आजवर एकमत झालेले नाही. चित्रपट उत्तर देत नाही, आणि ते बरेच आहे.

पण खरी ठिणगी पडते ती 'हाय नून'वरून. फ्रेड झिनेमन यांचा हा १९५२ चा चित्रपट अवघ्या ८५ मिनिटांचा, आणि कथेतला काळही जवळपास तेवढाच. मार्शल विल केन (गॅरी कूपर) याचे नुकतेच लग्न झाले आहे, तो बिल्ला उतरवून गाव सोडण्याच्या बेतात आहे. इतक्यात खबर येते, की त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने येतो आहे. मिलरचे तीन साथीदार स्थानकावर वाट पाहत थांबले आहेत. केन गावात दारोदार मदत मागतो. न्यायाधीश चंबूगबाळे आवरून निघून जातो, मित्र घरात असून नसल्याचे सांगवतो, चर्चमध्ये चर्चा झडते आणि निष्पन्न काहीच होत नाही. घड्याळाचा काटा सरकत राहतो. शेवटी केन एकटाच उभा राहतो, जिंकतो आणि जमलेल्या गावकऱ्यांसमोर बिल्ला धुळीत टाकून निघून जातो.

ही कथा लिहिणारे कार्ल फोरमन त्या वेळी स्वतःच अशा स्थितीत होते. चित्रपटाचे काम चालू असतानाच, १९५१ मध्ये, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकन संसदेच्या समितीने त्यांना पाचारण केले. इतरांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. ओळखीचे चेहरे दूर झाले, काम मिळेनासे झाले आणि फोरमन इंग्लंडला गेले. केनला तोंड चुकवणारे गावकरी कुठून आले, हे सांगायला नको. हॉलीवूडमधील कम्युनिस्टविरोधी संघटनेचे नेतृत्व करणाऱ्या जॉन वेनला हा चित्रपट अमेरिकाविरोधी वाटला आणि तसे तो पुढे जाहीरपणे बोललाही. गंमत अशी, की गैरहजर गॅरी कूपरच्या वतीने या चित्रपटाचे ऑस्कर स्वीकारायला व्यासपीठावर गेला होता तोच!

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांचा आक्षेप राजकारणाचा नव्हता, धंद्यातल्या सचोटीचा होता. आपले काम जाणणारा शेरीफ कोंबडीसारखा गावभर धावत मदतीची याचना करील कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्याचे उत्तर म्हणून त्यांनी १९५९ मध्ये 'रिओ ब्राव्हो' केला. त्यातला शेरीफ (जॉन वेन) मदत मागत नाही. उलट, पुढे आलेल्या हौशी माणसांना परत पाठवतो. त्याच्या सोबतीला उरतात एक दारुडा, एक लंगडा म्हातारा आणि एक पोरगा. दोन्ही चित्रपट उत्तम आहेत, म्हणूनच वाद मिटत नाही. 'रिओ ब्राव्हो'त माणसांची ऊब अधिक आहे, त्यातल्या गप्पा, गाणी, विनोद पुन्हापुन्हा पाहावेत असे आहेत. पण भेकड समाजाचे इतके नेमके चित्र 'हाय नून'इतके क्वचितच कुणी रंगवले असेल. ४ जून १९८९ रोजी पोलंडमध्ये अंशतः मुक्त निवडणूक झाली, तेव्हा सॉलिडॅरिटी संघटनेने भिंतींवर लावलेल्या एका भित्तिपत्रकावर गॅरी कूपर चालत येताना दिसत होता. छातीवर सॉलिडॅरिटीचे नाव आणि हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका. ज्याला एका काळी कम्युनिस्टधार्जिणा ठरवले गेले, तोच चित्रपट कम्युनिस्ट राजवटीच्या पाडावाचे चिन्ह बनला.

फोर्ड यांच्या चाहत्यांना मात्र एका प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही. ज्यांच्या जमिनीवर ही सारी वस्ती वसली, त्या मूळनिवाशांचे काय? बहुसंख्य अभिजात वेस्टर्नमध्ये ते क्षितिजावर उगवणारे संकट म्हणूनच येतात. 'द सर्चर्स' (१९५६) हा फोर्ड यांचा सर्वोत्तम आणि सर्वांत अस्वस्थ करणारा चित्रपट. कोमांचींनी पळवलेल्या पुतणीचा इथन एडवर्ड्स वर्षानुवर्षे शोध घेतो. पण तो तिला सोडवायला निघालेला नाही, कोमांची झालेल्या त्या मुलीला ठार मारायला निघालेला आहे, हे हळूहळू उमगत जाते. जॉन वेनने आपल्या नायकपणातला द्वेष इतका उघडा पुन्हा कधी केला नाही. तरीही यात कोमांची म्हणून वावरतात ते मॉन्युमेंट व्हॅलीतले नव्हाहो आणि त्यांच्या सरदाराच्या भूमिकेत जर्मनीत जन्मलेला गोरा नट आहे. चित्रपट वंशद्वेषाची चिकित्सा करतो आणि त्याच द्वेषाच्या चौकटीत अडकूनही पडतो. मूळनिवाशांमध्ये वाढलेल्या गोऱ्या मुलाची दुसरी बाजू मराठी वाचकाला अनोळखी नाही. कॉनराड रिक्टरची याच विषयावरची कादंबरी जी. ए. कुलकर्णी यांनी 'रानातील प्रकाश' या नावाने मराठीत आणलेली आहे.

आता दुसऱ्या घराण्याकडे. १९६० च्या सुमारास अमेरिकेत वेस्टर्नची गर्दी दूरचित्रवाणीवर झाली होती आणि चित्रपटगृहांत तो थकला होता. युरोपात मात्र त्याची भूक होती. कार्ल मायच्या कादंबऱ्यांवरचे जर्मन वेस्टर्न १९६२ पासून गर्दी खेचत होते. इटलीत पौराणिक तलवारपटांची लाट ओसरत होती आणि स्टुडिओ नव्या मालाच्या शोधात होते. सर्जिओ लिओने हा चित्रपटांच्याच घरात वाढलेला. त्याच्या वडिलांनी १९१३ मध्येच एक इटालियन वेस्टर्न मूकपट काढला होता आणि त्यात त्याच्या आईने काम केले होते. अकिरा कुरोसावा यांचा 'योजिम्बो' (१९६१) लिओनेने पाहिला आणि त्याच कथानकावर १९६४ मध्ये 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' उभा केला. परवानगी घेण्याची तसदी कुणी घेतली नाही. कुरोसावांनी दाद मागितली आणि जगभरच्या उत्पन्नातील १५ टक्के वाटा मिळवला. स्वतः कुरोसावा फोर्ड यांचे निस्सीम चाहते होते, ही बाब घराण्यांच्या भांडणात सोयीस्करपणे विसरली जाते.

चित्रपट अमेरिकन वाटावा म्हणून इटालियन मंडळींनी इंग्रजी नावे घेतली. लिओने झाला बॉब रॉबर्टसन, संगीतकार एन्निओ मॉरिकोने झाला डॅन सॅव्हिओ. नायक मिळाला तो 'रॉहाइड' या दूरचित्रवाणी मालिकेतला क्लिंट ईस्टवूड, १५ हजार डॉलर्सच्या मानधनावर. खांद्यावर पोंचो, ओठांत चिरूट, तोंडात शब्द मोजके. या नायकाला वस्ती वसण्याशी देणेघेणे नाही. दोन टोळ्यांना झुंजवून दोघांकडून पैसे उकळणे एवढेच त्याचे ध्येय. फोर्ड यांच्या गावात चर्चचा पाया घातला जातो. लिओनेच्या गावात धंदा तेजीत असतो तो शवपेट्या करणाऱ्याचा.

स्पॅगेटी वेस्टर्नची जी शैली आज कौतुकाने सांगितली जाते, तिचा बराचसा भाग पैशाच्या चणचणीतून आला आहे. टेक्निस्कोप या इटालियन पद्धतीत एका चौकटीसाठी चारऐवजी दोनच छिद्रांएवढी फिल्म लागे. निम्म्या खर्चात रुंद पडदा मिळे आणि जवळच्या चेहऱ्यामागचे दूरचे क्षितिजही स्पष्ट दिसे. घामेजलेले, सुरकुतलेले, पडदाभर पसरलेले डोळे आणि मागे रखरखीत माळ, ही लिओनेची सही तिथूनच आली. चित्रीकरणाच्या वेळी आवाज मुद्रित करण्याची इटलीत पद्धत नव्हती. ईस्टवूड इंग्रजीत बोले, खलनायक इटालियनमध्ये, बाकीचे आपापल्या भाषेत, आणि नंतर सारे डब होई. ओठ आणि शब्द जुळत नाहीत, ही टीका रास्तच आहे. पण सगळाच ध्वनी नंतर घडवायचा म्हटल्यावर प्रत्येक आवाज निवडून वापरता येतो, हे लिओनेने ओळखले. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या (१९६८) सुरुवातीला तीन मारेकरी स्थानकावर गाडीची वाट पाहतात. कुरकुरणारी पवनचक्की, टोपीवर टपटपणारे पाणी, गालावर भिरभिरणारी माशी... बराच वेळ दुसरे काहीच घडत नाही आणि नजर हटत नाही. स्थानकावर थांबलेले तीन मारेकरी कुठे पाहिले होते? 'हाय नून'मध्ये! त्या तिघांतला एक मुका वाटावा इतका गप्प राहणारा तरुण म्हणजे ली व्हॅन क्लीफ. त्यालाच लिओनेने पुढे 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' आणि 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये ईस्टवूडसमोर उभे केले. दोन घराणी म्हणायची, पण बंदिशी एकमेकांच्याच आहेत.

मॉरिकोने हा लिओनेचा प्राथमिक शाळेतला वर्गमित्र. मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता, तेव्हा त्याने शीळ, चाबूक, घंटा, मोरचंग, विजेवरची गिटार आणि मानवी कंठ यांतून संगीत रचले. शीळ आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनीची, तो शब्दावाचूनचा उंच स्वर एड्डा देल्लोर्सोचा. 'वन्स अपॉन...'च्या वेळी तर संगीत आधी तयार होते आणि चित्रीकरणाच्या जागी ते वाजवले जाई. क्लॉडिया कार्डिनाले स्थानकातून बाहेर पडते आणि कॅमेरा छपरावरून उंच चढत अख्खे गाव दाखवतो, तो क्षण स्वरांच्या चढणीवरच बेतलेला आहे. याच चित्रपटात हॉलीवूडचा सज्जन चेहरा हेन्री फोंडा लहान मुलाला गोळी घालतो. खलनायक दिसावे म्हणून फोंडा डोळ्यांत तपकिरी भिंगे घालून आणि मिशी वाढवून आला होता. लिओनेने दोन्ही काढायला लावले. त्याला ते प्रेमळ निळे डोळेच हवे होते.

चाहत्यांच्या आवडत्या वादांपैकी एक ईस्टवूडच्या 'अनामिका'चा आहे. 'नाव नसलेला माणूस' ही अमेरिकन वितरकांच्या जाहिरातीची करामत. प्रत्यक्षात तिन्ही चित्रपटांत त्याला जो, मान्को, ब्लाँडी अशा नावांनी हाक मारली जाते. तिन्हींत माणूस एकच मानायचा तर तिसरा चित्रपट काळाने पहिला ठरतो. कारण तो यादवी युद्धात घडतो आणि तो प्रसिद्ध पोंचो नायकाला त्याच्या अखेरीस सापडतो. दुसरा वाद लिओनेच्या छायेत राहिलेल्या सर्जिओ कॉर्बुच्चीचा. शवपेटी चिखलातून ओढत नेणाऱ्या फ्रँको नेरोचा 'जँगो' (१९६६) अनेकांना पाठ असतो, पण बर्फात घडणारा 'द ग्रेट सायलेन्स' (१९६८) अधिक धाडसी आहे. त्यात मुका नायक हरतो, मरतो, आणि पैशासाठी माणसे मारणारे कायद्याच्या आधारानेच निसटतात. लिओनेने असा शेवट कधी केला नाही.

अर्थात शेकड्यांनी निघालेल्या या चित्रपटांतले बहुतेक टाकाऊ होते, हे प्रामाणिक चाहतेही मान्य करतात. स्त्रीपात्रांच्या बाबतीत तर हे घराणे कमालीचे दरिद्री. कार्डिनालेची जिल हा ठळक अपवाद. उलट, समीक्षकांनी निव्वळ नावापायी चांगल्या कृतींनाही खाली ओढले. रॉजर ईबर्ट यांनी 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ला प्रथम तीन तारे दिले. वर्णन चार ताऱ्यांच्या चित्रपटाचे केले आणि केवळ स्पॅगेटी वेस्टर्न म्हणून एक तारा राखला असावा, अशी कबुली त्यांनी अनेक वर्षांनी दिली.

आपल्याकडच्या एका पिढीला वेस्टर्नचे वेड लावले ते यापैकी कुणीच नव्हे, तर 'मॅकेनाज गोल्ड'ने. १९६९ चा हा ग्रेगरी पेक आणि ओमर शरीफ यांचा चित्रपट मायदेशी साफ पडला आणि भारतात वर्षानुवर्षे पुनःपुन्हा गर्दी खेचत राहिला. त्यानंतर १५ ऑगस्ट १९७५ रोजी आला 'शोले'. ठाकूरच्या कुटुंबाचे हत्याकांड 'वन्स अपॉन...'वरून सुचलेले आहे, हे सर्वज्ञात आहे. पण दोन घराण्यांचा वाद 'शोले'त अधिक खोलवर, त्याच्या शेवटातच दडलेला आहे. मूळ शेवटात हात गमावलेला ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या त्या काळात, माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेतलेला सेन्सॉरला चालला नाही. म्हणून ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बर कायद्याच्या स्वाधीन होतो, असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. लिओनेच्या वळणाने निघालेला चित्रपट सरकारी हुकमाने बिल्ल्याच्या बाजूला वळवला गेला! मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे गर्दी झाली ती या बदललेल्या शेवटाला. मूळ शेवटासह पुनरुज्जीवित केलेला 'शोले' जून २०२५ मध्ये प्रथम दाखवला गेला तो इटलीतील बोलोन्यात, उघड्या चौकात.

स्पेनमधल्या चाहत्यांनी मात्र वाद बाजूला ठेवून कुदळी हातात घेतल्या. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चा अखेरचा तिरंगी सामना ज्या दफनभूमीत घडतो, ते 'सॅड हिल' १९६६ मध्ये बुर्गोस प्रांतात स्पॅनिश सैनिकांनी उभारले होते. पाच हजारांवर खोटी थडगी आणि मधोमध दगडी वर्तुळ. चित्रीकरण संपले, माणसे निघून गेली आणि सगळे गवताखाली गडप झाले. २०१५ मध्ये परिसरातल्या काही चाहत्यांनी तिथे खणायला सुरुवात केली. मातीच्या थराखाली ते वर्तुळ तसेच निघाले. मग युरोपभरातून लोक सुट्टी काढून येऊ लागले. थोडी वर्गणी दिली की एका थडग्यावर देणाऱ्याचे नाव रंगवले जाई, त्यातून खर्च निघाला. २०१६ मध्ये, पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा, तोच चित्रपट त्याच जागी पडदा लावून दाखवला गेला. आजही तिथे जाणारा प्रत्येक जण आधी 'आर्च स्टँटन' नावाचे थडगे शोधतो आणि तिथे उभा राहून छायाचित्र काढून घेतो. चित्रपटात सोने पुरलेले होते ते त्याच्या शेजारच्या, नाव नसलेल्या थडग्यात.